दादाचा सरवा

माझा थोरला भाऊ कधी सलग चाललाच नाही. घरातून दुकानापर्यंत जायला दहा मिनिटं लागतात, त्याला पंचवीस लागायची, कारण दर चार पावलांवर तो खाली वाकायचा. रस्त्यात गव्हाचा दाणा दिसला, वाकला. कुणाच्या ट्रॉलीतून ओंबी पडलेली दिसली, वाकला. अंगठा आणि दोन बोटं जुळवून दाणा उचलायचा, फुंकर मारायची आणि शर्टाच्या डाव्या खिशात टाकायचा. गावाने त्याचं नाव 'चिमटा' ठेवलं त्याला तीस वर्षं होऊन गेली. त्याच्या लग्नातला एक फोटो आहे, त्यात सगळे कॅमेऱ्याकडे बघतायत आणि नवरदेव स्वतःच्या पायाजवळ काहीतरी शोधतोय. वहिनी तो फोटो पाहुण्यांना मुद्दाम काढून दाखवते.

मला ह्या वाकण्याचा भारी राग यायचा. मी त्याच्याहून सहा वर्षांनी लहान. मला दिलं तेही गावातच, आणि माझं शेत त्याच्या शेताला लागून, मधे फक्त एक बांध, म्हणून लग्नानंतरही माझी त्याच्यापासून सुटका झाली नाही. नवरा ट्रकवर असतो, महिन्यातले वीस दिवस बाहेर. शेत मी बघते आणि बाजारालाही दादाबरोबर मीच जाते. "दादा, लोक बघतायत," मी दबक्या आवाजात म्हणायचे. "बघू दे," तो म्हणायचा, "त्यांनाही दिसेल मग काय पडलंय ते."

खोटं कशाला बोलू, ही सवय मलाही आहे. मी फक्त ती चारचौघांत दिसू देत नाही. आम्हाला दोघांना ती बाबांनी लावली. कापणी झाली की धसकटांमध्ये ज्या ओंब्या मागे राहतात त्या वेचायच्या, त्याला सरवा म्हणतात. बाबा आमच्या हातात एकेक फडकं द्यायचे आणि ते भरल्याशिवाय जेवायला घरात घ्यायचे नाहीत. मी चार वर्षांची असताना एक साल कोरडं गेलं होतं, तेव्हा आमचं घर नुसत्या सरव्यावर अकरा दिवस जगलं. बाबांनी ते दिवस मोजले होते आणि मरेपर्यंत आम्हाला ऐकवले. माझ्या मनात त्या अकरा दिवसांतलं काही नाही, फक्त ऐकवणं तेवढं आहे. दादा दहा वर्षांचा होता, त्याला सगळं आठवतं.

त्याचं दुसरं वेड म्हणजे बियाणं. बत्तीस वर्षांत त्याने दुकानातून गव्हाचं बी आणलं नाही. उभ्या पिकात फिरून तो चांगल्या भरलेल्या ओंब्या निवडायचा, वेगळ्या मळायचा, सुपात पाखडायचा, उन्हात तापवायचा आणि मागच्या खोलीतल्या पत्र्याच्या कोठीत ठेवायचा. कोठीची किल्ली वहिनीच्या कमरेला. हा गहू आमच्या हलक्या रानात, कमी पाण्यावर तग धरायचा. गावातली निम्मी माणसं त्याला चिमटा म्हणून हसायची आणि पेरणीच्या वेळी पोतं घेऊन त्याच्याच दारात उभी राहायची.

ह्या साली पेरणी झाली, उगवण बरी झाली आणि मग आभाळाने पाठ फिरवली ती फिरवलीच. विहिरी आठवड्याला अर्धा तास चालायला लागल्या. खताच्या दुकानदाराने, जो पूर्वी "राहू द्या, द्याल सावकाश" म्हणायचा, त्याने 'फक्त रोख' अशी पाटी लावली आणि पाटीकडे बोट दाखवून बोलायला लागला. मी माझ्या तीन गायींतल्या दोन बाजारात नेल्या, तर तिथे सगळं गावच गायी घेऊन आलेलं. विकणारे शंभर आणि घेणारे चार, मग भाव काय मिळणार. चारा मात्र सोन्याच्या भावाने. शहरातल्या माणसाला वाटत असेल, पीक कमी म्हणजे गहू महाग आणि शेतकऱ्याची चंगळ. तर बाहेरून जहाजं भरून गहू आला आणि भाव जिथल्या तिथे राहिला. आमचं पिकेना आणि विकेनाही, असा तो सगळा प्रकार होता.

दादाने मोटरसायकल विकली, त्या पैशांचं डिझेल आणलं आणि विहिरीचा तळ खरवडून पिकाला पाण्याच्या दोन पाळ्या जास्त दिल्या. मी म्हटलं, "कशाला? विमा काढलाय ना आपण."

"विमा काढलाय म्हणून पीक वाळू देऊ?" तो म्हणाला. त्याला खरोखरच प्रश्न कळला नव्हता.

विम्याचं गणित असं. घरोघरी जाऊन नुकसान कुणी बघत नाही. गावातली चार शेतं नंबर काढून निवडतात, प्रत्येकात पाच मीटर लांब आणि पाच मीटर रुंद असा एक तुकडा दोरीने आखतात, तेवढंच कापतात, मळतात आणि वजन करतात. बऱ्या सालात एका तुकड्यात आठ किलो गहू निघतो. चार तुकड्यांची सरासरी चार किलोच्या खाली आली तर सगळ्या गावाला भरपाई. चार किंवा त्याच्या वर गेली तर कुणालाच काही नाही. कागदावर त्या चार किलोला 'उंबरठा उत्पन्न' म्हणतात. हप्ता मात्र प्रत्येकाकडून वेगवेगळा घेतात, त्यात सरासरी नाही.

भरपाई आली तर दादाची पुढची पेरणी घरच्या बियाण्यावर होणार होती. नाही आली तर घरात विकण्यासारखी एकच वस्तू होती, ती म्हणजे कोठी. नऊ पोती. सगळ्यांचा गहू बारीक आणि सुरकुतलेला निघाला होता, म्हणून मागच्या सालचा तो टपोरा गहू बघून व्यापारी दोनदा घरी चक्कर मारून गेला होता. वहिनीने दोन्ही वेळा किल्ली सापडत नाही म्हणून सांगितलं. किल्ली तिच्या कमरेलाच होती आणि व्यापाऱ्यालाही ती दिसत होती.

नंबर निघाले. चौथा नंबर दादाच्या शेताचा निघाला.

गाव बांधावर येऊन बघून गेलं, कारण त्या पाण्याच्या पाळ्यांमुळे दादाचं पीक इतरांपेक्षा हिरवं राहिलं होतं. पण तोवर बाकी तीन तुकडे कापून झाले होते. एकात तीन किलो सहाशे, एकात तीन किलो नऊशे, एकात चार किलो शंभर. माझ्या शेजारणीने बोटांवर हिशेब करून सांगितलं, चिमट्याच्या रानात चार किलो चारशेच्या आत निघालं पाहिजे. वहिनीने दादाला तो आकडा सांगितला. दादा म्हणाला, "जे निघेल ते निघेल. मी काय रानाला सांगू, कमी दे म्हणून?"

ठरल्या दिवशी सकाळी शेती खात्याचे साहेब आणि विमा कंपनीचा माणूस आले. कंपनीचा माणूस जाड बुटांत होता आणि मोबाईलमध्ये बघत शेतात शिरत होता. चार खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली. दोरी ताणताना तो पिकातून असा काही फिरला की तुकड्याच्या बाहेरच्या बाजूने एक पट्टा आडवा झाला आणि ओंब्या तुटून खाली पडल्या. दोरीच्या आतलं आत, बाहेरचं बाहेर, हे साहेबांनी आम्हाला दोनदा समजावलं. झाड दोरीवर आलं तर मूळ कुठे आहे ते बघायचं. दादाने शाळेतल्या मुलासारखी मान डोलावली. मग त्याने आणि मी विळे घेऊन तुकडा कापला आणि पेंढ्या ताडपत्रीवर रचल्या.

तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आली. साहेब आणि कंपनीचा माणूस झाडाखाली जाऊन बसले. आम्ही दोघं रानातच होतो. दादाने डोक्याचं फडकं सोडलं आणि खाली बसून त्या तुडवलेल्या पट्ट्यातल्या ओंब्या वेचायला लागला. मीसुद्धा माझं फडकं सोडलं आणि दुसऱ्या टोकाने सुरुवात केली. कापणी झाली की सरवा वेचायचा आणि सरवा पेंढीवर टाकायचा, आम्ही पन्नास वर्षं हेच करत आलो. माझं फडकं भरलं तसं मी ते त्याच्याकडे दिलं. त्याने दोन्ही फडकी ताडपत्रीवर रिकामी केली, झटकली आणि परत डोक्याला बांधली.

चहा पिऊन दोघं आले. काठ्यांनी झोडपून मळणी झाली, वहिनीने सुपाने पाखडून भुसा काढला, काट्यावर पिशवी चढवली. चार किलो सहाशे वीस. साहेबांनी मोजणीचा फॉर्म भरला. त्यात एक ओळ होती, 'नमुन्यात बाहेरचे पीक मिसळले आहे काय?' कंपनीच्या माणसाने न विचारताच 'नाही' वर खूण केली आणि दादाने खाली सही ठोकली.

वहिनी सूप हातात घेऊन काट्याकडे बघत उभी राहिली. आणि दादा काय म्हणाला सांगू? "एवढंच?" म्हणाला. साहेबांसमोर त्याला लाज वाटली होती. "एरवी ह्याच रानात नऊ निघतात, साहेब," असंही वर म्हणाला.

यादी लागली ती बाजाराच्या दिवशी, सोसायटीच्या भिंतीवर. सरासरी चार किलो पंचावन्न ग्रॅम. शेवटच्या रकान्यात 'अपात्र'. गर्दी यादीसमोर बराच वेळ नुसती उभी होती, मग एकेक जण घरी गेला. चिडायला समोर माणूस लागतो, आणि भिंतीवर तर कागद होता.

मी घरी आले आणि भांडी घासायला बसले. ताट हातात असताना मला ती फडकी आठवली. मी तशीच उठले, माझ्या रानात गेले. कोपऱ्यातला गहू अजून उभा होता. तेवढीच दोन फडकी भरून ओंब्या तोडल्या, चोळून पाखडल्या आणि दाणे दुकानात जाऊन काट्यावर ठेवले. दुकानदाराला वाटलं विकायला आणलेत. तीनशे दहा ग्रॅम भरले.

तीनशे दहा वजा केले तर सरासरी चार किलोच्या खाली येत होती. वीस-बावीस ग्रॅमने का होईना, खाली.

गप्प बसावं असं मला वाटलं, हे मी कबूल करते. दोन दिवस मी गप्प होते. पण दादा ते दोन्ही दिवस घरोघरी जाऊन सांगत होता, "माझ्याच रानाने घात केला, मी पाणी द्यायला नको होतं." त्याने पाणी दिलं ही चूक होती असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरायचं, आणि आता तो स्वतःच ते म्हणत होता. मी त्याच्या घरी गेले आणि सांगून टाकलं. दुकानदाराकडून लिहून घेतलेला तीनशे दहाचा कागदही दाखवला.

तो ओट्यावर बसला होता. त्याने स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं. "मी वेचल्या?" त्याने विचारलं.

"आपण दोघांनी. आठवत नाही तुला?"

"नाही गं," तो म्हणाला. "खरंच नाही." मग म्हणाला, "पण वेचल्याच असणार."

दुसऱ्या दिवशी आम्ही तालुक्याच्या कचेरीत गेलो. दोन खिडक्यांवरून तिसऱ्या खिडकीवर पाठवलं. तिथल्या बाई वाईट नव्हत्या, थकलेल्या होत्या. त्यांनी तक्रारीचा अर्ज पुढे सरकवला. त्यात तक्रारीची तीन कारणं छापलेली होती: क्षेत्र चुकीचे, पीक चुकीचे, खाते क्रमांक चुकीचा. आमचं कारण त्यात नव्हतं.

दादाने खिडकीत वाकून सगळं सांगितलं, दोरीपासून फडक्यापर्यंत. बाईंनी ऐकून घेतलं. "काका, वजन जास्त दाखवलं असं प्रत्येक गाव म्हणतं," त्या म्हणाल्या. "पुरावा काय?"

"मी सांगतोय ना. मी स्वतः टाकल्या."

"बघितलं कुणी?"

"मी बघितलं," मी म्हटलं. "मीसुद्धा टाकल्या."

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग आवाज बारीक करून म्हणाल्या, "ताई, हे असं मोठ्याने बोलू नका. म्हणजे तुम्ही दोघांनी मिळून सरकारी नमुन्यात फेरफार केला. मी हे लिहून घेतलं तर पुढची तीन वर्षं विम्याच्या यादीतून तुमचं नाव कटेल, आणि गावाची मोजणी रद्द होईल. रद्द झाली की भरपाई नाहीच."

"मग परत मोजा," मी म्हटलं.

"शेत उभं आहे का?"

दादाचं शेत कापून महिना झाला होता. हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. म्हणजे खरं सांगितलं तर पैसे नाहीत, खोटं ठेवलं तरी नाहीत, आणि खरं सांगितलं तर वर शिक्षा. मी त्या खिडकीवर बरंच बोलले, काय बोलले ते आता लिहीत नाही. रांगेतला मागचा माणूस म्हणाला, "बाई, आमचाही नंबर येऊ द्या." त्याचंही बरोबर होतं, त्याच्या हातातही तसलाच अर्ज होता. दादा मात्र शांतपणे म्हणाला, "कमी टाकलं असतं तर चोरी झाली असती. मी जास्त टाकलं, बाई." बाई म्हणाल्या, "नियमात दोन्हीला एकच शब्द आहे, काका."

परत येताना बसमध्ये मी त्याला बजावलं, "गावात बोलू नकोस. कुणाला काही फायदा नाही." संध्याकाळी सोसायटीसमोर पंधरा-वीस माणसं बसलेली असतात, तिथे जाऊन त्याने उभ्यानेच सगळं सांगितलं. मला वाटलं होतं कुणी अंगावर धावून येईल. मी तयारीनेच गेले होते, अंगावर येणाऱ्याची खबर घ्यायला. कुणीच उठलं नाही. ट्रॅक्टरवाला, ज्याचा स्वतःचा ट्रॅक्टर त्याच आठवड्यात विकला गेला होता, तेवढा म्हणाला, "चिमट्या, आयुष्यभर वाकलास. एक दिवस उभा राहिला असतास तर काय बिघडलं असतं रे?"

कुणीतरी हसलं. दादाही हसायला गेला, पण ते त्याला जमलं नाही.

व्यापारी आठ दिवसांनी आला. ह्या वेळी वहिनीने किल्ली लगेच काढून दिली. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा कोठी तळापर्यंत रिकामी झाली. नऊ पोती अंगणातून टेम्पोपर्यंत गेली. व्यापारी गहू तळहातावर घेऊन म्हणाला, "बियाण्याचा माल आहे हा, पण मी पिठाच्या भावानेच घेणार." वहिनी आत निघून गेली. दादाने एकेक पोतं मोजून दिलं, शेवटचं पोतं स्वतः पाठीवर घेऊन पोचवलं. त्या पोत्याचा कोपरा उंदराने कुरतडलेला होता. कोठीपासून टेम्पोपर्यंत अंगणात दाण्यांची एक बारीक रेघ ओढली गेली.

टेम्पो गेला. दादा परत फिरला, पैसे शर्टाच्या डाव्या खिशात घातले. मी दारात उभी होते. त्याचा अंगठा आणि दोन बोटं जुळलेली मला दिसली. मी वाट बघत राहिले.

"दादा," मी म्हटलं, "सांडलंय."

"दिसतंय मला," तो म्हणाला. आणि ती रेघ ओलांडून, ताठ चालत घरात गेला.

ज्या वाकण्याचा मी जन्मभर राग केला, ते थांबलं, आणि मला रडू कोसळलं. मग मी डोक्याचं फडकं सोडून अंगणात बसले. थोड्या वेळाने वहिनी आतून आली, "वन्सं, सरका जरा," म्हणाली आणि माझ्यासमोर बसली. अंधार पडायच्या आत आम्ही दारापर्यंतची रेघ वेचून काढली. तीनशे ग्रॅमच्या आसपास असतील. मी वजन केलं नाही. वहिनीने दाणे फडक्यात बांधले आणि ती पुरचुंडी कोठीत ठेवून कुलूप लावलं.